ठोक्यामागची माणसं

ढोल-ताशा पथक लांबून ऐकलं की नुसता ढोल ऐकू येतो. ताशेवाल्यांच्या जवळ उभं राहून ऐकलं की कळतं, ढोल वाजतो आहे तो ताशाच्या सांगण्यावरून. वादन कधी सुरू करायचं, लय कुठे चढवायची, कुठला ताल सोडून कुठला धरायचा आणि शंभर टिपरं एकाच क्षणी कधी थांबवायची, हे सगळं दोन बारीक काड्यांनी वाजणाऱ्या त्या लहानशा भांड्यावर ठरतं. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात गेल्या पंचवीसेक वर्षांत जी पथकं उभी राहिली त्यांची मी श्रोती आहे. वादक मी कधीच नव्हते. पुढच्या पानांत विषय वादकांच्या बाजूनं उलगडेल; त्याआधी रस्त्याच्या कडेला उभं राहून ऐकणाऱ्याच्या जागेवरून त्याची ओळख करून देणं एवढं काम मी माझ्याकडे घेतलं आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. पथकाचं वादन मैफल ऐकावी तसं ऐकायला हवं. मिरवणुकीत ते आपल्या कानांवर पडतं, आपण त्यावर नाचतो, मोबाइलवर चित्रण करतो आणि पुढच्या पथकाकडे वळतो. पण दोन-अडीच महिने सराव करून आलेली माणसं समोर काहीतरी मांडत असतात. त्या मांडणीला आरंभ असतो, चढ असतो, मुद्दाम सोडलेल्या जागा असतात, शेवट असतो. तो सगळा ऐकणारा श्रोता या कलेला अजून फार थोडा मिळाला आहे.

पुणेरी पद्धतीच्या पथकात ढोल कमरेला बांधलेला असतो. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थापी. टिपरूचा ठोका पोटात उतरतो आणि थापी दोन ठोक्यांमधली जागा भरते. पूर्वी ढोलाला कातड्याचं पान असे. भाद्रपदातल्या पावसाळी हवेत ते सैल पडे, आवाज बसे, मग शेकोटीपुढे धरून ते तापवावं लागे. आता फायबरचं पान सर्रास दिसतं. आपल्याकडच्या पावसाला ते पुरून उरतं आणि म्हणूनच ठाण्या-डोंबिवलीत पथकं टिकू शकली हे मला मान्य आहे. तरीही कातड्याच्या पानाचा गोल, भरीव घुमारा ज्यानं ऐकला आहे त्याला फायबरचा आवाज थोडा कोरडाच वाटेल. काही पथकं एखाद-दुसरा कातडी ढोल अजून सांभाळून असतात. असा ढोल दिसला तर त्याच्या जवळ उभं राहावं.

ताशा गळ्यात अडकवलेला, पोटाशी आडवा. त्याच्या काड्यांच्या सलग कडकडाटाला तर्री म्हणतात. तर्री सुरू झाली की ढोल गप्प होतात आणि साऱ्या वादकांचे डोळे ताशावर लागतात. तर्री किती लांबवायची हे ताशेवाल्याच्या हातात असतं. चांगला ताशेवाला ती गरजेपेक्षा एक श्वासभर जास्त लांबवतो, गर्दीला वाटतं आता पडेल ठोका, आणि तो पडत नाही. मग तो पडतो. या एका क्षणासाठी मी कितीही वेळ उन्हात उभी राहू शकते. बाकीचा ताफाही लक्ष देऊन पाहण्यासारखा असतो. झांजा लयीला धार देतात. टोल म्हणजे चौकटीला टांगलेली जाड धातूची थाळी, तिच्यावरचा घाव समेची जागा दाखवतो. सगळ्यांत पुढे भगवा ध्वज. उंच काठीचा तो ध्वज तासन् तास नाचवणाऱ्याच्या खांद्यांची आणि मनगटांची कल्पना आपल्याला सहसा येत नाही, कारण आपण ध्वज पाहतो, माणूस पाहत नाही.

तालांची नावं सरावाच्या मैदानावरच रुळलेली आहेत: एकचा, दोनचा, तीनचा, भजनी, भांगडा, गावठी. दर पथक त्यांना आपापल्या परीनं वळवतं. गावठी वाजवताना लय किंचित मागे ओढून धरणारी पथकं आणि ती पुढे रेटणारी पथकं असे दोन तट श्रोत्यांमध्येही असतात, आणि त्यांचे वाद चहाच्या टपरीवर बराच वेळ चालतात. मी मागे ओढणाऱ्यांच्या बाजूची आहे.

या पद्धतीचं घर पुणं. पुण्याच्याही आधी मुळशी-मावळातली गावं, जिथली ढोल-लेझीम पथकं गणेशोत्सवात शहरात येत. १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी ढोल, ताशा आणि बरच्यांचं नृत्य विसर्जन मिरवणुकीत आणलं. रमणबाग, विमलाबाई गरवारे अशा शाळांची पथकंही नावारूपाला आली. गावकऱ्यांची कला शाळकरी मुलांच्या हातात गेली तेव्हा तिला ओळ मिळाली, गणवेश मिळाला, वेळापत्रक मिळालं. गावच्या वादकाचा मोकळेपणा त्यात थोडा कमी झाला असेल, पण शहरात राहणाऱ्या, घरात वाद्याची परंपरा नसलेल्या कुणालाही ढोल शिकता येतो हे त्या मुलांनी दाखवून दिलं. ठाणे-डोंबिवलीतलं प्रत्येक पथक या अर्थानं त्यांचं देणं लागतं.

आमच्या जिल्ह्याला वाद्यं नवी नव्हती. आगरी-कोळी घरांत हळदीला बेंजो, वरातीपुढे ब्रास बँड, शिमग्यात पालखीपुढे ढोल, कोकणातून आलेल्या चाकरमान्यांच्या आठवणीत खालूबाजा. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या जव्हार-डहाणूच्या पाड्यांवर तारप्याचा सूर. नाशिक ढोलही लग्नसराईत ऐकू येई. पण ओळीत उभं राहून, एका गणवेशात, पैशासाठी नव्हे तर हौसेनं वाजवणारी स्थानिक तरुण मुलं हे चित्र आमच्याकडे उशिरा आलं. मोठ्या मंडळाला तसं पथक हवं असलं की ते बाहेरून बोलवायची रीत होती.

ते बदलायला गुढीपाडवा कारणीभूत झाला, असं माझं मत आहे. १९९९ साली डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकारानं आणि आबासाहेब पटवारी यांच्या कल्पनेतून नववर्ष स्वागतयात्रा निघाली. पाठोपाठ ठाण्यात कौपिनेश्वर मंदिरापासून निघणारी यात्रा रुजली, गिरगावात रुजली आणि मग महाराष्ट्रभर पसरली. स्वागतयात्रेच्या इतिहासात चित्ररथांचं आणि पारंपरिक वेशभूषेचं कौतुक भरपूर झालं आहे. पथकांच्या दृष्टीनं तिचं महत्त्व वेगळं आहे. फक्त गणपतीत वाजवणारं पथक अनंत चतुर्दशीनंतर विस्कटतं, ढोल कुणाच्या तरी गाळ्यात जाऊन पडतात आणि पुढच्या वर्षी नव्यानं माणसं गोळा करावी लागतात. चैत्रात दुसरा हंगाम मिळाला म्हणून माघ-फाल्गुनात पुन्हा सराव सुरू झाला आणि वर्षभर टिकणारं पथक उभं राहू शकलं. शिवजयंतीनं आणखी एक तारीख दिली. डोंबिवलीतला फडके रोड, ठाण्यातले राम मारुती रोड, गोखले रोड, तलावपाळी ही नुसती मिरवणुकीच्या वाटेवरची नावं राहिली नाहीत, ती वादकांची व्यासपीठं झाली. फडके रोडवर तर दोन्ही बाजूंच्या इमारतींमुळे ठोका परतून येतो. नवा वादक तिथं पहिल्यांदा वाजवताना या परतलेल्या ठोक्यानं हमखास गोंधळतो. जुना वादक त्याला सांगतो, कानांवर नको जाऊस, ताशाच्या हाताकडे बघ.

हे वादक कोण? मध्य रेल्वेच्या गर्दीतून मुंबईला जाणारी आणि संध्याकाळी परतणारी मुलंमुली. बँकेतली, रुग्णालयातली, कॉल सेंटरमधली, महाविद्यालयातली, दुकानात उभं राहून काम करणारी. सराव सुरू होतो जून-जुलैच्या आसपास, वाद्यपूजनानं. जागा मिळणं ही पहिली परीक्षा. वस्तीजवळ वाजवलं की रहिवाशांची तक्रार येते आणि ती रास्त असते, म्हणून खाडीकाठ, उड्डाणपुलाखालची जागा, गावाबाहेरचं मैदान. दप्तर किंवा ऑफिसची बॅग भिंतीशी ठेवायची, कमरेला ढोल बांधायचा. नव्या मुलांना पहिले काही दिवस ढोल मिळतच नाही, मांडीवर किंवा हवेत हात चालवून ताल पाठ करावा लागतो. ढोल मिळाला की आठवड्याभरात बोटं फुटतात, कमरेला दोरीचे वळ उठतात. बोटांना चिकटपट्टी गुंडाळून ती मुलं दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. आठ-दहा किलोंचं वाद्य बांधून तीन-चार तास चालत वाजवायचं, त्यात ओळ मोडायची नाही, चेहऱ्यावर थकवा दिसू द्यायचा नाही.

यातल्या मुलींविषयी वेगळं लिहायला हवं. नऊवारी, फेटा, नथ अशा छायाचित्रांमुळे वर्तमानपत्रांतून त्या दिसतात खऱ्या, पण दिसतात त्या शोभेसाठी. वास्तविक अनेक पथकांत ढोलाच्या पहिल्या ओळीत मुली असतात त्या त्यांचा ठोका पक्का असतो म्हणून. ताशावर मुलगी दिसणं अजून कमी आहे. ताशा म्हणजे पथकाची सूत्रं हातात घेणं, आणि ती सूत्रं मुलीकडे द्यायला काही ठिकाणी वेळ लागतो आहे. जिथं दिली गेली तिथं पथकाचं काही बिघडलेलं मी तरी ऐकलं नाही. रात्री दहाला सराव संपल्यावर मुलींना घरापर्यंत सोडायला जाणं हा बहुतेक पथकांचा शिरस्ता असतो. त्या शिरस्त्यावर विश्वास ठेवूनच घरची माणसं परवानगी देतात. पथक हे वादकांइतकंच अशा विश्वासावर उभं असतं.

पैशाचंही सांगते. मंडळाकडून मिळणाऱ्या सुपारीचा मोठा भाग पानं, दोऱ्या, टिपरं, टेम्पो, फेटे यांतच जातो. वादकाला बहुतेक पथकांत काही मिळत नाही, उलट वर्गणी भरावी लागते. शिल्लक राहिली तर शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यांवर शालेय साहित्य किंवा कुठे वैद्यकीय मदत, असं बरीच पथकं करतात.

आता स्पर्धेविषयी. मिरवणुकीत वाजवणं आणि स्पर्धेत वाजवणं यांत मोठा फरक आहे. मिरवणुकीत गर्दी वादकाला सांभाळून घेते, एखादा ठोका चुकला तरी गलक्यात विरून जातो. स्पर्धेत स्थिर वादन असतं. मैदानात ठरलेली जागा, मोजून दिलेली मिनिटं, समोर परीक्षक. लय सुटली का, एका तालातून दुसऱ्यात जाताना सांधा दिसला का, झांजा मागे पडल्या का, ध्वजाची हालचाल तालाशी जुळली का, ओळ सरळ राहिली का, वेळ पाळली का, हे सगळं तपासलं जातं. स्पर्धेमुळे ढोल-ताशात कृत्रिमपणा येतो असं म्हणणारे जाणकार आहेत. मनोरे रचणं, ढोल डोक्यावर घेऊन वाजवणं, परीक्षकांपुढे कसरती करणं हे मलाही आवडत नाही. तरीही स्पर्धेनं आमच्या पथकांना शांतता वापरायला शिकवलं असं मी ठामपणे म्हणेन. रस्त्यावर सतत वाजवत राहावं लागतं. मैदानात कळतं की चार मात्रा मोकळ्या सोडल्या तर पाचवीचं वजन वाढतं. स्पर्धा खेळून आलेलं पथक मिरवणुकीतही वेगळं ओळखू येतं.

जगाकडे पाहिलं तर हे वेड आपलं एकट्याचं नाही. अमेरिकेत ड्रम कॉर्प्स इंटरनॅशनल ही संस्था १९७१ साली स्थापन झाली आणि पुढच्या वर्षापासून तिचं अजिंक्यपद सुरू झालं. तिथं पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि ध्वज घेतलेले नर्तक मिळून फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटांची रचना सादर करतात. पथकात जास्तीत जास्त १६५ जण, आणि विशी ओलांडली की एक-दोन वर्षांत वयोमर्यादेमुळे वादकाला निरोप घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियातल्या ब्लू डेव्हिल्ससारख्या पथकाचे चाहते वर्षानुवर्षांच्या रचना एकमेकांना तपशिलानं सांगतात: कुठल्या साली कुठला सूर, कुठली हालचाल. हे वाचून मला हेवा वाटला तो त्यांच्या मैदानांचा नव्हे, त्यांच्या स्मरणाचा. आपल्याकडे वयोमर्यादा नाही. शाळकरी मुलगी आणि तिची आई एका ओळीत वाजवू शकतात, हे आपलं फार मोठं धन आहे. पण दहा वर्षांपूर्वी कुठल्या पथकानं पाडव्याला काय वाजवलं, हे सांगणारी एक ओळही कुठे लिहिलेली सापडत नाही.

त्याहून जवळचं उदाहरण त्रिनिदादचं. १८४५ पासून गिरमिटिया मजूर म्हणून हिंदुस्थानातून तिथं गेलेल्या लोकांनी ताशा सोबत नेला. तिथं तो ‘टासा’ झाला, मोहरमच्या ‘होसे’ मिरवणुकीत वाजू लागला, लग्नांत वाजू लागला, आणि आज त्याच्याही स्पर्धा भरतात. ताफ्यात ताशे, एक मोठा ढोल आणि झांज. समुद्रापलीकडेही ताशानं पुढे जायचं, ढोलानं त्याला धरून राहायचं ही रचना कायम राहिली. ताशा धर्म विचारत नाही, आपल्याकडेही तो मोहरममध्ये वाजतो आणि गणपतीतही.

आमच्या पथकांच्या आठवणीत एक तारीख खोल बसली आहे. २५ मार्च २०२०. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवस. सराव पूर्ण झालेला, फेटे आणलेले, आणि फडके रोड रिकामा. पुढच्या वर्षीही यात्रा नाही. २०२२ मध्ये २ एप्रिलच्या पाडव्यापर्यंत राज्यातले निर्बंध उठले होते आणि पथकं रस्त्यावर आली. दोन वर्षांत काही वादक नोकरीनिमित्त गेले होते, काही घरांत माणूस गेलं होतं. त्या दिवशीचं वादन तांत्रिकदृष्ट्या फार चांगलं नव्हतं, हात बसलेले नव्हते, लय दोनदा-तीनदा डळमळली. तरी मी ऐकलेल्या सगळ्या वादनांत मी ते वरचं मानते.

आवाजाचा प्रश्न टाळून ही प्रस्तावना पुरी करता येणार नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरवता येतं. उत्सवातल्या आवाजाविषयी ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर न्यायालयात गेले आणि त्यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सविस्तर आदेश दिले. ढोलाची चाहती असूनही मला त्यांच्या लढ्याविषयी आदर आहे. पथकं आणि डीजेच्या भिंती यांना एकाच मापानं मोजू नये असं मला वाटतं, पण हृदयविकाराच्या रुग्णाला ढोल कुणाच्या हौसेचा आहे यानं फरक पडत नाही. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं पुण्यातल्या पथकांना प्रत्येकी तीस जणांची मर्यादा घातली, आणि सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. स्थगितीचा आनंद मलाही झाला. मात्र त्यानंतर आमच्याकडे दोनशे-अडीचशे ढोलांची जी चढाओढ दिसते ती मला मान्य नाही. दोनशे ढोलांत मागच्या ओळीला ताशा ऐकूच जात नाही, ठोका पसरट होतो आणि वादन फक्त मोठं होतं. चाळीस ढोल, आठ ताशे आणि नेटका सराव एवढ्यावर उत्तम पथक उभं राहतं. रुग्णालयासमोर वादन थांबवून केवळ ध्वज पुढे नेणारी पथकं आपल्याकडे आहेत. स्पर्धांच्या परीक्षकांनी त्यालाही गुण द्यावेत अशी माझी सूचना आहे.

कुठल्याही पथकाचं नाव मी इथं घेतलेलं नाही, याची वाचकाला रुखरुख वाटेल. चार नावं लिहिली की चाळीस राहतात, आणि राहिलेल्या पथकांतल्या मुलांनीही तेवढीच बोटं फोडून घेतलेली असतात. शिवाय पथकाच्या नावामागे वादकाचं नाव झाकलं जाणं ही या कलेची जुनी अडचण आहे. मंडळाच्या फलकावर पथकाचं नाव येतं, बातमीत पथकप्रमुखाचं. तिसऱ्या ओळीत डावीकडून पाचव्या जागी सलग सात वर्षं वाजवणाऱ्याचं नाव कुठेच येत नाही. हे लेखन त्या जागेकडे पाहावं म्हणून आहे.

वाचकांना दोन विनंत्या करते. पथकात असाल, तर यंदापासून वही ठेवा: तारीख, जागा, वाजवलेले ताल, ओळीतली नावं. आणि श्रोते असाल, तर येत्या पाडव्याला दोरीच्या बाहेर, वादकांची वाट न अडवता, एका तरी पथकाचं वादन मोबाइल खिशात ठेवून तर्रीपासून शेवटच्या ठोक्यापर्यंत ऐका. आवडलं तर शेवटच्या ओळीतल्या कुणाला तरी थांबवून तसं सांगा आणि त्याचं किंवा तिचं नाव विचारा.